लाल वाइनची पारख बाटलीत नव्हे, वावरात!

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले आणि त्यांच्या कर्मभूमीत दारू नको म्हणून ही बंदी आली. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपर मार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर राज्यभर वादळ उठले. त्या निर्णयातही दारूबंदीचे जिल्हे वगळलेले होते. मग उंची लाल वाइनची पारख कशी करतात, हे वर्धेच्या शेतकऱ्याने कशाला वाचायचे?

प्यायला नव्हे, शिकायला. ज्याचा भाव निव्वळ पारखीवर ठरतो, असा हा शेतीतलाच माल आहे. पण त्या पारखीला गुण आहेत, नियम आहेत, मोजमाप आहे. आपल्याकडे ग्रेडर गाडीतला कापूस चिमटीत धरतो, धागा ओढतो आणि भाव सांगून मोकळा होतो. शेतकरी नुसता पाहत राहतो. फरक आहे तो इथे.

रंग सालीत, दर्जा वेलीवर

नाशिकची खायची द्राक्षे वेगळी आणि वाइनची वेगळी. थॉमसन, सोनाका या खायच्या जाती: मणी टपोरा, साल पातळ, बी नाही. शिराझ, कॅबर्ने सोविन्याँ या लाल वाइनच्या जाती: मणी बारीक, साल जाड, आत बी. खाणाऱ्याला जे नको, तेच वाइनवाल्याला हवे. कारण या द्राक्षांचा गर जवळजवळ बिनरंगाचा असतो. वाइनला लाल रंग येतो तो सालीतून. म्हणूनच लाल वाइनचा रस सालीसकट आंबवतात. तुरटपणा येतो तो साल आणि बी यांतून.

तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याआधी बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून मणी गोळा करतात आणि रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून गोडी पाहतात. तिला ब्रिक्स म्हणतात. लाल वाइनला साधारण २२ ते २४ ब्रिक्स लागते. नुसती गोडी पुरत नाही. मणी फोडून बी चावून पाहतात. बी तपकिरी होऊन कुडकुडली तर फळ पिकले. हिरवी असली तर वाइनला कडवट तुरटपणा येणार. वेलीवर घडांची गर्दी ठेवली तर रस पांचट होतो, म्हणून भारी वाइनसाठी घड विरळ करतात आणि एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवतात. वजन कमी, पण दर जास्त, असा हा हिशेब आहे. वजनावरच भाव मिळत असेल तर हा उद्योग कोण करील?

डोळा, नाक आणि जीभ

आता पारखीची रीत. पेल्यात थोडी वाइन घेतात आणि पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून रंग पाहतात. नव्या वाइनची कड जांभळट दिसते, मुरलेल्या वाइनची विटकरी. मग वास. आधी पेला न हलवता, नंतर गोल फिरवून. शिराझला कधी काळ्या मिऱ्याचा वास येतो. कॅबर्नेला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास फार आला, तर फळ कच्चे तोडले असे जाणकार ओळखतो. शिरक्याचा वास आला तर माल बिघडला. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर दोष बुचाचा. सडक्या अंड्याचा आला तर आंबवताना चूक झाली.

शेवटी जीभ. घोट तोंडात घोळवायचा आणि चक्क थुंकून टाकायचा. दिवसभरात डझनावारी नमुने तपासायचे असतात, गिळून कसे चालेल? आंबटपणा नेमका आहे का, तुरटपणा कसा आहे, चव किती वेळ टिकते, हे पाहतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तसा हा तुरटपणा. तो मऊ लागला तर चांगला, घशाला ओरबाडला तर गुण गेले. रंग, वास, चव आणि एकूण दर्जा यांचे वेगवेगळे गुण देण्याची २० गुणांची पद्धत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झाली आणि ती बऱ्याच ठिकाणी वापरली गेली. कारण न देता "बरी आहे" म्हणायची सोय तिच्यात नाही.

नाव झाका, मग बोला

पारखीतला सगळ्यात मोठा नियम म्हणजे बाटलीचे नाव झाकायचे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने एक चाचणी घेतली. गुण देणारे नऊ जण फ्रान्सचे, त्या धंद्यातले नावाजलेले. समोर फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन, नाव न दाखवता. निकाल लागला तेव्हा लाल वाइनमध्ये पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या 'स्टॅग्ज लीप'चा आला, तोही 'मुताँ रॉथशिल्ड'सारख्या फ्रेंच घराण्याला मागे टाकून. लेबल दिसत असते तर हे झाले असते का? नाव झाकले आणि नव्या शेतकऱ्याच्या मालाला न्याय मिळाला.

चव पास, उचल नापास

पण पारखीत पास झाला म्हणजे शेतकरी तरला, असे मात्र नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि नाशिक भागात वाइनच्या बागा वाढल्या. दिंडोरी तालुक्याचे नाव तर बाटलीवरही गेले. पुढे २००८ ची मंदी आली. कारखान्यांत वाइन पडून राहिली, द्राक्षाला उचल मिळेना आणि कित्येकांनी त्या वेली काढून टाकल्या. द्राक्ष चांगले होते, पण घेणारे मोजके आणि दुसरा बाजार नाही. बारीक बियाळ द्राक्ष खायला कोण नेणार? म्हणून करार करताना दर्जा, दर, उचल आणि चुकाऱ्याची तारीख, चारही गोष्टी कागदावर हव्यात.

आपल्याकडे काय करता येईल?

वर्धा जिल्ह्यालाही नावाच्या मालाची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात नावानिशी ओळखला जाई. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. नाव आहे, पण पारखीचे माप शेतकऱ्याच्या हातात किती?

कापसाचेच घ्या. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. मग गाडी भरण्याआधी गावातच ओलावा मोजलेला बरा. संत्र्याची गोडी पाहायला तोच रिफ्रॅक्टोमीटर चालतो. शेतकरी गटाने एक घेतला तरी गावाचे काम भागते. हळदीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन कुर्कुमिनचा आकडा हाती ठेवावा. व्यापाऱ्याशी बोलताना "आमची हळद चांगली" म्हणण्यापेक्षा तो कागद पुढे केलेला बरा.

कृषी सहायक आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक सुचवावेसे वाटते. गावच्या कृषी प्रदर्शनात संत्रा, हळद, तूर यांचे नमुने ठेवताना शेतकऱ्याचे नाव झाकावे, फक्त नंबर लावावा. रंग, वास, चव यांचे वेगवेगळे गुण कागदावर लिहावेत आणि बक्षीस वाटल्यावर तो कागद ज्याचा त्याला द्यावा. सरपंचाचा संत्रा म्हणून पहिला नंबर नको आणि लहान शेतकऱ्याचा म्हणून शेवटचाही नको. आपले गुण कुठे कापले गेले हे कळले, तर पुढच्या बहाराला काय सुधारायचे तेही कळेल. एक रुपयाचा खर्च नाही. येत्या हंगामात एखाद्या गावाने करून तर पाहावे!