ग्रंथालयाचा सर्व्हर, लेखांक 6 : ‘वाय’ दाबण्याआधी काय उडणार ते वाचा

मागच्या लेखांकात आपण उबुंटूवर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलं. तेव्हा ऍप्टने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने, पॅकेजांची भलीमोठी यादी दाखवली होती. त्यातली बरीच नावं ‘लिब’ने सुरू होऊन ‘पर्ल’ने संपत होती. आपण मागितलं एकच पॅकेज, कोहा-कॉमन, आणि बाकीची सगळी त्याच्या डिपेन्डन्सी म्हणून आली. चालता सर्व्हर एका सकाळी अचानक उघडेनासा होतो, तेव्हा कोहात बिघाड क्वचितच असतो. त्या यादीतलं काहीतरी हललेलं असतं.

कोहा 1999 साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी लिहिलं गेलं. वायटूकेमुळे त्यांची जुनी प्रणाली 2000 साली चालणार नव्हती. नवी त्यांनी पर्लमध्ये करून घेतली आणि जगाला मोफत खुली केली. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ई-ग्रंथ प्रकल्पामुळे कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना तिची ओळख झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रबंध ज्या ‘कृषिकोश’वर वाचायला मिळतात तो याच कामातून उभा राहिला. पण फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरचीही निगा राखावी लागते, आणि तालुक्याच्या कॉलेजात ती बहुधा एकट्या ग्रंथपालाच्या अंगावर पडते. हा लेखांक त्यांच्यासाठी.

सगळ्यात जास्त नासधूस होते ती पर्लची मॉड्यूलं थेट आणणाऱ्या सीपॅनमुळे. एखादं पर्ल मॉड्यूल सापडत नाही असा एरर येतो, इंटरनेटवर कुणीतरी ‘सुडो सीपॅन’ने ते टाकायला सांगितलेलं असतं, आपण टाकतो आणि काम चालू होतं. इथेच घोटाळा होतो. ऍप्टने आणलेली मॉड्यूलं ‘यूएसआर’च्या ‘शेअर’ किंवा ‘लिब’मध्ये बसतात, सीपॅनची ‘यूएसआर’च्या ‘लोकल’मध्ये. पर्ल आधी ‘लोकल’मध्ये बघतं, त्यामुळे पुढे ऍप्टने त्याच मॉड्यूलची दुरुस्त आवृत्ती आणली तरी वापरात सीपॅनचीच राहते. मुळा कालव्याच्या चारीला कुणी मधेच पाइप लावला, तर पाटकऱ्याच्या वहीत पाळी बरोबर दिसते आणि शेवटच्या शेतात पाणी पोचत नाही. तसं हे आहे. ऍप्टच्या वहीत सगळं ठीक असतं, म्हणून दोष शोधणाऱ्याला काहीच दिसत नाही. शिवाय ‘लोकल’मधल्या त्या फोल्डरच्या नावात पर्लची आवृत्ती असते. उबुंटू 22.04 वर पर्ल 5.34 आहे, 24.04 वर 5.38. उबुंटू बदललं की नवं पर्ल जुन्या फोल्डरकडे बघतही नाही.

मॉड्यूल हवंच असेल तर आधी ‘ऍप्ट सर्च’ने शोधा. पर्लची नेहमीच्या वापरातली मॉड्यूलं डेबियन आणि उबुंटूने पॅकेज करून ठेवलेली आहेत. पायथॉनची पॅकेजं आणणाऱ्या पिपबाबतही हाच नियम. डेबियन 12 पासून तर पिप सिस्टीमच्या पायथॉनमध्ये काही टाकायला सरळ नकार देतं. तो नकार मोडून काढायचा पर्याय एरर स्वतःच सुचवतो. तो वापरू नका, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा.

आता अपडेट. थेट अपग्रेड न चालवता आधी ‘ऍप्ट-गेट मायनस एस’ लावून तालीम करा. त्यात प्रत्यक्ष काहीच बदलत नाही, फक्त काय होणार ते ओळीओळीने दिसतं. ‘इन्स्ट’ने सुरू होणारी ओळ म्हणजे बसणार, ‘रिमव्ह’ने सुरू होणारी म्हणजे निघणार. डोळे ‘रिमव्ह’वर ठेवा. साधं ‘अपग्रेड’ काहीच काढत नाही. ‘फुल-अपग्रेड’ मात्र डिपेन्डन्सी जुळवण्यासाठी पॅकेज काढूही शकतं, आणि काढायच्या यादीत कोहा-कॉमन किंवा मारियाडीबी (कोहाचा डेटाबेस) दिसलं तर तिथेच ‘एन’ दाबून थांबायचं. अशा वेळी बहुतेकदा ‘सोर्सेस लिस्ट डी’ या फोल्डरमध्ये कुणीतरी जोडलेली बाहेरची रिपॉझिटरी सापडते. ‘ऍप्ट-कॅश पॉलिसी’ला पॅकेजचं नाव दिलं की कुठली आवृत्ती कुठून येते आहे ते कळतं.

कोहाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीच्या ओळीत ‘स्टेबल’ हा शब्द लिहायची पद्धत आहे, आणि मला ती लहान ग्रंथालयांसाठी योग्य वाटत नाही. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. ‘स्टेबल’ लिहिलेलं असलं की नेहमीचं अपडेट करता करता एक दिवस तुम्ही पुढच्या आवृत्तीत जाऊन पोचता. पॅकेज बसताना डेटाबेसची रचनाही आपोआप बदलली जाते आणि तिला मागे फिरायची वाट नाही. म्हणून त्या जागी आवृत्तीचा आकडा लिहा, कोहा-कॉमनला ‘ऍप्ट-मार्क होल्ड’ लावा आणि होल्ड उठवायच्या आधी ‘कोहा-डंप’ काढून त्याच्या दोन्ही फाइली दुसऱ्या मशीनवर न्या. होल्ड लावून विसरूनही चालणार नाही, कारण कोहाच्या सुरक्षा दुरुस्त्याही त्याच पॅकेजमधून येतात. आकडा तोच ठेवून महिन्यातून एकदा, देवघेव नसलेल्या वेळी, होल्ड काढून त्या घ्या. उबुंटूच्या सुरक्षा दुरुस्त्या अनअटेंडेड-अपग्रेड्सला रोज घेऊ द्या.

नवंच हवं हा हट्ट मात्र सर्व्हरवर नको. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट पेरल्याचं उघड झालं. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ती सापडली. डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत ती पोचली होती, स्टेबलमध्ये नव्हती.

आणि वीज. पॅकेज बसत असताना लाइट गेली तर ऍप्टच्या मागे काम करणारं डीपीकेजी अर्धवट राहतं आणि पुढचं काहीच बसू देत नाही. घाबरून पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. ‘डीपीकेजी कॉन्फिगर मायनस ए’ चालवा, मग ‘ऍप्ट-गेट मायनस एफ इन्स्टॉल’. अडलेलं काम बहुतेकदा तिथून पुढे सरकतं. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने काम करत असाल तर टीमक्स उघडूनच अपडेट सुरू करा, म्हणजे मधलं नेट तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं. काय बदललं ते ‘व्हार लॉग ऍप्ट’मधल्या हिस्टरी फाइलमध्ये तारखेसह मिळेल. बिघाडाच्या दिवशी कुणाला फोन करण्याआधी ती फाइल उघडून ठेवा, कारण समोरचा पहिल्यांदा तेच विचारेल.

पुढच्या लेखांकात कोहा-डंपच्या फाइली दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष परत बसवून बघू.