घोडीच्या कासेचे विकार : ओळख व उपाययोजना

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पशुपालकास गाई-म्हशींच्या कासेचे ज्ञान पिढ्यानपिढ्या आहे. कास कठीण झाली, दुधात गाठी आल्या की तो ‘दगडी’ ओळखतो. कारण धार काढताना त्याचा हात दिवसातून दोनदा कासेला लागतो. घोडीच्या बाबतीत असा हात लागत नाही. तिचे दूध शिंगरू पिते आणि कास दोन्ही मांड्यांच्या मध्ये झाकलेली असते. त्यामुळे विकाराची पहिली खूण बहुधा दुधात नव्हे, तर घोडीच्या चालीत व शिंगराच्या वर्तनात दिसते. मेंढपाळांच्या कळपासोबत ओझे वाहणारी घोडी असो वा पुणे परिसरातील अश्वपैदास केंद्रातील, हा नियम दोघींनाही लागू पडतो. प्रस्तुत लेखात या खुणांचे व त्यांवरील उपायांचे विवेचन केले आहे.

रचनेतील भेद

गाईला चार सड असतात, घोडीला दोन. मात्र घोडीच्या प्रत्येक सडाला सामान्यतः दोन, क्वचित तीन छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रामागे स्वतंत्र दुग्धवाहिनी व ग्रंथीचा स्वतंत्र खंड असतो. कास लहान असल्याने तीत दूध फार साठत नाही. शिंगरूही तासातून अनेकदा पिते. म्हणूनच घोडीत कासदाह गाईच्या तुलनेने कमी आढळतो.

कासदाह

या रोगास प्रामुख्याने ‘स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस’ हा जिवाणू कारणीभूत ठरतो. दूध तोडल्यानंतर, कास आटत असताना, रोगाचा धोका विशेष असतो. तथापि दुभत्या नसलेल्या घोडीतही तो उद्भवू शकतो. बहुधा कासेची एक बाजू सुजते, गरम व दुखरी होते. सूज पोटाखालून पुढे पसरते. घोडी मागील पाय फाकवून, आखडून चालते. ओझ्याच्या घोडीचे असे चालणे पाहून मालक प्रथम खूर व नाल तपासतो, आणि त्यात मोलाचे दिवस निघून जातात. शिंगरू जवळ येताच घोडी लाथ झाडते. हाही तिचा स्वभावदोष समजला जातो, विशेषतः ती पहिलटकरीण असल्यास. दूध पाण्यासारखे, गाठीयुक्त वा रक्तमिश्रित असते. शरीराचे तापमान ३८.५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक असल्यास ताप मानावा.

येथे एक फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे. विण्यापूर्वी पोटाखाली येणारी सूज वेदनारहित असते, बोटाने दाबल्यास खळगा पडतो व घोडीला फिरविल्याने ती ओसरते. दूध तोडल्यानंतर दोन्ही बाजू सारख्याच ताठरतात, पण घोडी खाते-पिते व ताप नसतो. अशा निरोगी कासेचे दूध वारंवार काढू नये, कारण त्यामुळे दूध येतच राहते. खुराक कमी करावा व कास आटू द्यावी. कासदाहात याच्या उलट, दूध वरचेवर काढून टाकणे हा उपचाराचा भाग असतो. एकच कृती एका स्थितीत अपायकारक व दुसरीत आवश्यक ठरत असल्याने निदानाआधी हात चालविणे धोक्याचे आहे.

उपचारापूर्वी स्वच्छ दुधाचा नमुना जिवाणू-परीक्षणासाठी घ्यावा. पशुवैद्यक प्रतिजैविके बहुधा इंजेक्शनद्वारे देतात. जोडीला वेदनाशामक औषध व गरम पाण्याचा शेक असतो. गाईसाठीची कासेत सोडण्याची औषधनळी घोडीला वापरण्याचा मोह सहज होतो. पण तिचे टोक घोडीच्या बारीक छिद्रास इजा करू शकते, आणि एकाच छिद्रातून औषध सोडल्यास दुसरा खंड तसाच राहतो. काही नळ्यांत लिंकोमायसिन असते. ते घोड्याच्या आतड्यात जीवघेणा अतिसार उत्पन्न करू शकते. गोठ्यातील उरलेले औषध पागेत नेऊ नये, ते यासाठीच.

चीक व शिंगराचे जीवित

गाभण काळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. विण्यापूर्वी दोन ते चार आठवडे कास भरू लागते व शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसतात. त्याआधीच कास भरून दूध गळू लागल्यास वारेचा संसर्ग अथवा जुळी शिंगरे यांचा संशय घ्यावा. गळणारा हा चीकच शिंगराचे एकमेव संरक्षण असते, कारण घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. जन्मानंतर सुमारे २४ तासांनी शिंगराच्या आतड्याची ती शोषण्याची क्षमता संपते. यास्तव शिंगरू दोन तासांत पिऊ लागले नाही, अथवा आईचा चीक आधीच गळून गेला असेल, तर दुसऱ्या घोडीचा चीक पाजावा. १८ ते २४ तासांच्या दरम्यान शिंगराच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजता येतात. दर १०० मिलिलिटरमागे ८०० मिलिग्रॅमहून कमी प्रमाण अपुरे मानतात व ४०० हून कमी असल्यास शिरेतून रक्तद्रव द्यावे लागते.

दूध उतरत नसल्याचेही शिंगरूच सांगते. ते सतत कासेशी ढुशा देते, पोट खपाटीला जाते, झोपत नाही. उलट कास भरलेली व शिंगराच्या तोंडावर दूध ओघळलेले असल्यास दोष घोडीत नसून आजारी शिंगरू पीत नाही, असे समजावे.

वयस्क घोडीत उपचारानेही न ओसरणारी गाठ वा न भरणारी जखम आढळल्यास अर्बुदाची शक्यता विचारात घ्यावी. हा विकार विरळा आहे. परंतु तो बहुधा घातक स्वरूपाचा असल्याने ऊतींचा तुकडा तपासणीस पाठविण्यात विलंब करू नये.