‘तू’ आणि ‘आपण’ : ख्रिस्ती भक्तीतील आदराविषयी

निबंधाच्या वह्या तपासताना मध्यंतरी आमच्या हातून एक चूक झाली. पांडेसरा हा सुरतेतील कापड रंगविण्या-छापण्याच्या गिरण्यांचा भाग. आमच्या मराठी शाळेतील मुले बहुतेक खानदेशातून आलेल्या कामगारांची. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती नि हिंदी. ग्रंथांतली मराठी त्यांना भेटते ती शाळेत. नवापूरकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबातील मुलाने ‘आमच्या घरची प्रार्थना’ या निबंधात देवाला सर्वत्र ‘तू’ म्हटले होते. थोरांविषयी आदरार्थी बहुवचन वापरावे, हा पाठ नुकताच झाला होता. हाताच्या सवयीने आम्ही लाल शाईने पाच-सहा ठिकाणी ‘तू’चे ‘आपण’ केले. वही परत घेताना मुलगा जरा घुटमळला आणि म्हणाला, “सर, आपण म्हटलं तर देव लांब नाही का जाणार?”

त्या प्रश्नापेक्षा दुसराच एक प्रश्न आम्हांस अधिक बोचला. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या मुलाच्या वहीत आम्ही अशी दुरुस्ती केली असती काय? नसती. तुकोबांचे देवाशी चाललेले भांडण आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. त्यातल्या ‘तू’ने आमचे कान कधी टवकारले नाहीत. ख्रिस्ती माणसाचा देवाविषयीचा आदर मात्र भयाचा, दरबारी अंतराचा असणार, असा एक समज आमच्या मनात न कळत बसलेला होता. हा समज आमच्या एकट्याचा नसावा, म्हणून त्याची थोडी छाननी करावीशी वाटते.

बायबलच्या मूळ भाषांत, हिब्रूत आणि ग्रीकमध्ये, मराठीतल्यासारखे आदरार्थी बहुवचन नाही. राजा असो, गुलाम असो वा देव असो, समोरच्या एका व्यक्तीला एकच सर्वनाम. इंग्रजीतही १६११ च्या बायबलात ‘दाऊ’ हे सर्वनाम देवाला आणि चोराला सारखेच लावलेले आहे. पुढे बोलण्यातून ते गेले, प्रार्थनेत उरले, आणि आता इंग्रज वाचकाला तेच भारदस्त वाटते! मराठी भाषांतरकारास मात्र प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागली. विल्यम केरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला, तेव्हापासून ही निवड चालू आहे. तिचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रचलित मराठी बायबलात रस्त्यावर येशूला भेटणारा रोगी त्याच्याशी बोलताना ‘आपण’ म्हणतो. शिष्यही गुरूला ‘आपण’च म्हणतात. तोच येशू स्वतः पित्याची प्रार्थना करतो तेव्हा ‘तू’ म्हणतो, आणि स्तोत्रकर्त्यांच्या तोंडीही देवाला ‘तू’च आहे. म्हणजे माणसांतील मान ‘आपण’ने दिला जातो, त्याच्याही वर गेले की पुन्हा ‘तू’.

याचे मूळ मराठी घरातच आहे. आमच्या पिढीपर्यंत बहुतेक घरांत वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत आणि आईला ‘तू’. आईचा मान कमी होता म्हणून नव्हे. तिच्या-आपल्यात मानाची मोजदादच नव्हती म्हणून. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाचे नाते पित्याचे, पण मराठीत त्यास सर्वनाम लाभले ते आईचे. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. १६१६ साली छापले गेलेले त्यांचे क्रिस्तपुराण ओवीत आहे आणि त्याचा आरंभ आपल्या कवींच्या रीतीने नमनाने होतो. नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला माय आणि गुरू अशा एकाच नात्याने आळविले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला ‘तू’ हे सर्वनाम कोणत्याही मिशनने शिकवावे लागले नाही.

आता भयाचा प्रश्न. परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ होय, या अर्थाचे वचन नीतिसूत्रांत आहे, आणि ‘भय’ हा शब्द मराठी वाचकाला खटकतो. ज्या हिब्रू शब्दासाठी तो योजला, त्यात भीती आणि आदर दोन्ही सामावतात. मराठीत त्याच्या शेजारचे शब्द पुष्कळ : राजाचा दरारा, मुकादमाचा वचक, वडिलांचा धाक, स्नेह्याची भीड. यांतला एकही पुरता बसत नाही. दरारा दुरून असतो. वचक पाठ फिरताच संपतो. भीड तर मोडताही येते. पण आपल्याकडे ‘पापभीरू’ हा शब्द आहे, आणि तो आपण निंदेने नव्हे, स्तुतीने वापरतो. पापभीरू मनुष्य भित्रा नसतो. आपल्या हातून वावगे घडेल, एवढीच त्याला धास्ती असते. बायबलातील भयाची दिशा आम्हांस येथे दिसते.

योहानाच्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रेम भयाला बाहेर घालविते असे म्हटले आहे. मग भय राहावे कसे? या अडचणीचा उलगडा चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीन यांनी संसारातल्या दृष्टान्ताने केला. दोन स्त्रियांना नवऱ्याचे भय आहे. एक व्यभिचारिणी, तिला भय की तो येईल. दुसरी पतिव्रता, तिला भय की तो निघून जाईल. पहिले भय प्रेमाने जाते, दुसरे प्रेमानेच येते. हा दृष्टान्त वाचला आणि आम्हांस आमच्या विद्यार्थ्याचे ‘लांब’ आठवले. त्याने ऑगस्टीन कोठून वाचला असणार?

तथापि सलगी म्हणजे सैलपणा नव्हे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला आपण कृष्णाला सखा म्हणून हाका मारल्या, थट्टा केली, याची लाज वाटते; तो क्षमा मागतो, आणि मग पुन्हा ते जुने सौम्य रूपच मागतो. लूकच्या शुभवर्तमानात पेत्र येशूला आपली होडी देतो, त्याच्या सांगण्यावरून पुन्हा जाळे टाकतो. ते माशांनी फाटू लागताच पायांवर पडून, मी पापी आहे, माझ्यापासून दूर व्हा, असे विनवितो. दूर तर कोणीच होत नाही; उलट तेथूनच त्याचे शिष्यत्व सुरू होते. जवळीक, दचकणे आणि पुन्हा जवळीक, असा हा क्रम आहे. ज्याच्या भक्तीत मधली पायरी नाही त्याचे ‘तू’ नुसते बोलघेवडे.

टिळकांनी १९१७ साली साताऱ्यास जो मेळा उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची इच्छा होती. माय म्हणून आळविणाऱ्या या कवीने त्याला नाव दिले ‘देवाचा दरबार’. दरबारात माय बसलेली आहे, ही कल्पना तर्काला अवघड असेल, मराठी मनाला नाही.

बाह्य आचारातही हे दिसते. इंग्रज देवळात शिरताना टोपी काढतो, बूट ठेवतो. आमच्याकडच्या जुन्या माणसाला बोडक्या डोक्याने वडीलधाऱ्यांपुढे जाणे अमर्याद वाटे, आणि पायांत वहाणा ठेवून देवापुढे जाणे तर अशक्य. जळत्या झुडपापाशी मोशेला पायांतले काढण्याची आज्ञा होते, ती लंडनच्या मुलाला समजावून सांगावी लागत असेल. आमच्या वर्गात तिच्यावर टीप लागत नाही.

ती वही आम्ही दुसऱ्या दिवशी परत मागवली. लाल शाई पुसून निघेना. तेव्हा प्रत्येक दुरुस्तीवर एक रेघ मारली, समासात ‘मूळचे बरोबर’ असे लिहिले आणि खाली सही केली.