मोसंबी, बाहुली आणि ‘सर, एक मिनिट!’

पोखर्णीला मावशीकडे गेलं, की पहिल्या पाच मिनिटांत हातात मोसंबीच्या ज्यूसचा ग्लास येतो. परभणीहून गंगाखेड रोडला लागलं, की हे गाव. बाकी जगाला ते नृसिंहाच्या मंदिरामुळे ठाऊक, आम्हा भाचरांना मावशीमुळे. मावशी एएनएम, म्हणजे गावाच्या भाषेत ‘सिस्टरबाई’. अख्खी नोकरी तिने जिल्ह्यातल्या उपकेंद्रांमध्ये काढली. मागच्या सुट्टीत मोसंबी सोलता सोलता ती सहज म्हणाली, ‘‘पहिलं इंजेक्शन मी हिलाच टोचलं होतं माय. एक शब्द बोलली नाही बिचारी!’’

मी हसले. ‘‘आणि दुसरं?’’

‘‘दुसरं एका म्हातारबाबाला. माझा हात असा थरथरायलता, की तेच म्हणाले, पोरी, आधी तू बस.’’

किस्सा भारी आहे. पण जरा विचार करा मंडळी. क्लायंटसमोरच्या अर्ध्या तासाच्या प्रेझेंटेशनसाठी आपण तीन-तीन रिहर्सल मारतो. चुकलंच, तर फार फार तर बॉसची एक खरमरीत ईमेल येते. नर्सची पहिली चूक मात्र कुणाच्या तरी अंगावर होते. मग तिची रिहर्सल कुठे?

पुण्यात परतल्यावर हाच प्रश्न घेऊन मी एका नर्सिंग कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबमध्ये धडकले. लॅब म्हणजे चक्क एक वॉर्ड. खाट, सलाइनचा स्टँड, मॉनिटर, आणि खाटेवर चादर ओढून झोपलेली बाहुली. मॅनिकिन म्हणतात तिला. तिची छाती वर-खाली होते, नाडी लागते आणि काचेपलीकडे बसलेल्या मॅडम माइकवरून तिच्या तोंडी कण्हणंसुद्धा घालतात. मी वही काढणार, इतक्यात मॅडम म्हणाल्या, ‘‘नुसतं बघू नका. आज तुम्ही पेशंटची मुलगी!’’ माझ्या हातात एक चिठ्ठी आली: ‘आईला मागे एका इंजेक्शनने अंगभर पुरळ उठलं होतं. कुणी विचारलं, तरच सांगायचं.’

सीन सुरू झाला. थर्ड इयरची मुलगी, हुशार, चटपटीत. बीपी घेतलं, ताप बघितला, हात धुवायलाही विसरली नाही. मग फोन वाजला. पलीकडे ‘डॉक्टर’, म्हणजे दुसरे एक सर. घाईघाईत म्हणाले, ‘‘अँपिसिलिन देऊन टाका,’’ आणि फोन कट. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’. अँपिसिलिन त्याच कुटुंबातलं औषध. मुलीची नजर त्या ओळीवर गेली. दोन सेकंद थांबली. मग तिने इंजेक्शन भरलं आणि दिलं.

मॉनिटरचा आवाज बदलला. ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला, बीपी कोसळलं. मी खुर्चीत बसून होते. सगळं ठाऊक असलेली मुलगी. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. नाटक आहे हे माहीत असूनही माझ्या पोटात गोळा आला.

सीन जेमतेम दहा मिनिटांचा. खरा पिक्चर त्यानंतर सुरू झाला. सगळे गोल करून बसले. याला डीब्रीफिंग म्हणतात आणि ते मूळ प्रसंगापेक्षा जास्त वेळ चालतं. मला वाटलं, आता मुलीची सॉलिड धुलाई होणार. पण मॅडमनी शांतपणे एवढंच विचारलं, ‘‘त्या ओळीशी थांबलीस तेव्हा मनात काय आलं?’’

‘‘शंका आली होती मॅडम. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं ना...’’

खोलीत शांतता. मग बाकीच्या मुली बोलायला लागल्या. एकीला ओरडा बसेल असं वाटलं असतं. दुसरीला ‘आपणच चुकत असू’ असं. औषधाची माहिती सगळ्यांना होती. अडलं होतं ते ‘सर, एक मिनिट’ म्हणण्यापाशी. आणि हेच तर नर्सिंगमधलं खरं प्रोफेशनल स्किल. सुई टोचायला मोसंबी पुरते. वरिष्ठांना अडवायला, नातेवाइकांना विचारायला, ‘मला मदत हवी’ असं मोठ्याने म्हणायला समोर माणसं लागतात.

तसं बघितलं तर बाहुलीचा फंडा जुनाच. १९११ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलने मार्था चेस नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाच्या उंचीची बाहुली करून घेतली. ती ‘मिसेस चेस’ म्हणूनच फेमस झाली. कूस बदलणं, कपडे चढवणं, उचलून खुर्चीत बसवणं, सगळं मुली तिच्यावर शिकायच्या. १९६० मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लार्डाल या खेळणी बनवणाऱ्याने ‘रेससी अ‍ॅन’ आणली. तोंडाने श्वास देण्याचा सराव तिच्यावर सुरू झाला आणि पुढे छाती दाबण्याचाही. मधेच १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने बाहुलीऐवजी माणसालाच पेशंटची अ‍ॅक्टिंग करायला बसवलं. म्हणजे माझा त्या दिवशीचा रोल काही नवा नव्हता!

पण खोट्या पेशंटवर शिकलेलं खऱ्या वॉर्डात टिकतं का? अमेरिकेतल्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय संस्थेने दहा नर्सिंग कॉलेजांमध्ये हेच तपासलं. २०१४ मध्ये निकाल आला. प्रत्यक्ष वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले, तरी ज्ञानात, कौशल्यात किंवा परीक्षेच्या निकालात फरक पडला नाही. अट एकच, शिकवणारे तयारीचे हवेत आणि नंतरची चर्चा नीट व्हायला हवी. आपल्याकडेही इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या बीएस्सी नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशनला जागा दिली आहे. गुरुग्रामला त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचं एक केंद्रही उभं राहिलं आहे. महागडी बाहुली विकत घ्यायची आणि तिला कुलपात ठेवायचं, असं मात्र होऊ नये. तसं पाहिलं, तर मी पाहिलेल्या सीनला चादर, फाइल, फोन आणि एक खुर्ची एवढंही पुरलं असतं.

हे सगळं मी फोनवर मावशीला रंगवून सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने आजवर घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

नोकरीचं दुसरं वर्ष. रात्रीची डिलिव्हरी, लाइट गेलेली. बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. साधारण दहातल्या एका बाळाला पहिल्या श्वासासाठी मदत लागते आणि ती पहिल्या मिनिटाच्या आत मिळावी लागते. पुसायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची आणि तरी श्वास आला नाही, तर मास्क लावून बॅगने हवा द्यायची. मावशीने हे पुस्तकात वाचलं होतं. हाताने कधी केलं नव्हतं. ‘‘पान डोळ्यासमोर दिसायलतं माय. पण हात कुठं ठेवू, ते सुचंना.’’

ते बाळ वाचलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, २००९ मध्ये केंद्र सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्यात दोन दिवसांचं ट्रेनिंग असायचं, मावशीही गेली. टेबलावर तान्ह्या बाळाएवढी बाहुली होती. मास्क चेहऱ्यावर नीट बसला, तरच तिची छाती वर उचलली जायची. पहिल्यांदा उचललीच नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा उचलली. ‘‘तिथंच रडू कोसळलं मला. बाकीच्या बाया म्हणल्या, सिस्टर, बाहुली आहे ही.’’

रिटायर होईपर्यंत तिने नंतर किती बाळांना तो पहिला श्वास दिला, ते विचारलं, तर म्हणाली, ‘‘मोजायचं नसतं ते.’’

फोन ठेवल्यावर मला लॅबमधली ती थर्ड इयरची मुलगी आठवली. डीब्रीफिंगनंतर मॅडमनी तोच सीन पुन्हा लावला होता. तीच फाइल, तोच घाईतला फोन. या वेळी मुलगी आधी माझ्याकडे वळली, ‘‘ताई, आईंना कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का?’’ मी चिठ्ठीतलं सांगितलं. मग फोनवर, आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण आलं: ‘‘सर, एक मिनिट. पेशंटला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. दुसरं काय देऊ?’’

पलीकडून सर म्हणाले, ‘‘थँक यू सिस्टर. बरं झालं सांगितलंत.’’

ती मुलगी आता लवकरच खऱ्या वॉर्डात उभी राहील. कदाचित तुमच्या-माझ्या आईच्या खाटेपाशी. तेव्हा तिने हे वाक्य एकदा तरी मोठ्याने म्हटलेलं असेल.

मावशीला हे सांगायचं राहिलंय. पुढच्या खेपेला, मोसंबी सोलताना सांगेन.