सासूबाईंची हाडं जपताना

‘वय झालं, कंबर दुखणारच,’ असं म्हणून किती आजीबाई दुखणं अंगावर काढतात! मग मोरीत पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि तेव्हा कळतं, हाडं आधीपासूनच ठिसूळ होती. ऑस्टिओपोरोसिस म्हणतात तो हाच. पाळी गेल्यावर बायकांच्या हाडांची झीज वेगाने होते आणि हाड मोडेपर्यंत ती दुखतही नाही. उंची कमी झाली, पाठीला पोक आला, तर मैत्रिणींनो, डॉक्टरांना जरूर दाखवा.

माझ्या सासूबाईंना डेक्सा तपासणीनंतर डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी दिली. ही गोळी नुसती गिळून भागत नाही. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. तेवढा वेळ चहासुद्धा नाही! चहाशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही त्यांना हे पटवणं म्हणजे दिव्यच. शेवटी आम्ही रविवार ठरवला. गोळी घेतली की सासूबाई अंगणात खुर्चीवर बसून मेथी निवडतात. कॅल्शियमची गोळी त्या वेळी द्यायची नाही, ती जेवणानंतर. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर सांगतील तेव्हाच. ती रोज घेतली तर बाधते.

खाण्यात दूध-ताक, तीळ आणि आपली नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

घरातलं सरकणारं पायपुसणं आधी काढा. मोरीत धरायला दांडी बसवा, रात्री दिवा असू द्या, लुगडं पायात येणार नाही असं नेसवा. पाठ रगडून घेणं बंद. वाकून केर काढणं आणि कळशी उचलणंही बंद. पण हातातली सगळीच कामं काढून घेऊ नका हं. बसून राहिलं की हाडं आणखी झिजतात, आणि ‘आता माझा उपयोग काय’ हे मनाला लागतं ते वेगळंच. आम्ही देवघर उंचावर घेतलं, आता पूजा त्या उभ्यानेच करतात. संध्याकाळी नातवाबरोबर देवळापर्यंत चालणंही होतं.

आणि एवढं करूनही पडल्याच, तर दंडाला धरून ओढून उठवू नका, चोळू नका, हाडवैद्याकडेही नेऊ नका. पाय हलवू न देता सपाट फळीवर निजवून सरळ दवाखाना गाठा.