श्रद्धाळू आजीच्या ४७ वह्या

६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी एक नवा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. पुढे त्याचे अनुयायी मॉर्मन म्हणून ओळखले जाऊ लागले. स्थापनेच्या त्याच दिवशी नोंद ठेवण्याची आज्ञा झाली आणि तेव्हापासून या समाजात रोजनिशी लिहिणे धर्मकृत्याच्या पंगतीला बसले. मंदिरात विधिपूर्वक बांधलेली नाती मृत्यूनंतरही टिकतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे पूर्वजांची नावे शोधणे, वंशावळी जुळवणे, आजी-पणजीची हकिगत लिहून ठेवणे हे तिथे घरोघरचे कर्तव्य असते. अशा घरातली धर्मनिष्ठ आजी नव्वदी ओलांडून जाते, तेव्हा तिच्याविषयी बोलायला माणसे कमी पडत नाहीत. मात्र बोलले जाते ते बहुधा एकाच सुरात : सोशिक, सेवाभावी, श्रद्धेवर अढळ. माझे म्हणणे असे, की या विशेषणांखाली ती आजी झाकली जाते, आणि ते पांघरूण दूर करायचे साधन तिच्या धर्मानेच तिच्या हाती दिलेले असते. ते साधन म्हणजे तिने स्वतः लिहिलेली वही.

एमेलिन बी. वेल्स यांचे आयुष्य याची साक्ष देते. २९ फेब्रुवारी १८२८ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावी त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी लग्न झाले. पुढच्याच वर्षी त्या इलिनॉयमधल्या नॉवू या मॉर्मन वस्तीत आल्या. तिथे पहिले मूल जेमतेम महिनाभर जगले आणि पाठोपाठ कामाच्या शोधात गेलेला नवरा परत आलाच नाही. १८४५ मध्ये त्यांनी वयाने तेहतीस वर्षांनी मोठ्या न्यूएल व्हिटनी यांच्याशी लग्न केले. पंथात तेव्हा बहुपत्नीत्वाची चाल होती आणि व्हिटनींच्या घरी आधीची पत्नी होती. पाच वर्षांनी वैधव्य आले, पदरात दोन लहान मुली. मग एमेलिननी काय केले? डॅनियल वेल्स या पंथातल्या वजनदार गृहस्थांना स्वतःच पत्र लिहून लग्नाचा विचार करायला सांगितले. १८५२ मध्ये त्या त्यांच्या सातव्या पत्नी झाल्या आणि आणखी तीन मुलींच्या आई. पाच मुलींपैकी दोघींचे मरण त्यांना पाहावे लागले, दोघीही ऐन विशीत गेल्या. एवढे सोसूनही श्रद्धा ढळली नाही, असे म्हणून कोणीही इथे थांबेल, आणि नेमके इथेच थांबणे मला चुकीचे वाटते.

कारण त्यांनी ४७ वह्या मागे ठेवल्या. १८४४ पासून १९२० पर्यंतच्या काळातले हे लेखन आहे. १८७४ च्या वहीत त्यांनी एकाकीपणा उघडपणे मांडला आहे : पती इतर कुटुंबांत राहतो, आपल्या वाट्याला येत नाही, थोडे प्रेम तरी मिळावे ही आस. त्याच दशकात त्या ‘वुमन्स एक्सपोनंट’ या, मॉर्मन पुढे जिथे जाऊन वसले त्या यूटातल्या स्त्रियांच्या नियतकालिकात लिहीत होत्या, तेही दोन टोपणनावांनी. ‘ब्लांच बीचवुड’ स्त्रियांच्या हक्कांवर धारदार लिहायची, तर ‘आंट एम’ घरच्या, जुन्या आठवणींत रमायची. १८७७ मध्ये त्या या पत्राच्या संपादक झाल्या आणि १९१४ मध्ये ते बंद होईपर्यंत, म्हणजे ३७ वर्षे, त्यांनी ते चालवले. १८७९ च्या जानेवारीत त्या वॉशिंग्टनला गेल्या, राष्ट्राध्यक्ष हेज यांना भेटल्या आणि ज्या विवाहपद्धतीने आपल्याला एकटे पाडले तिच्याच बाजूने बोलल्या.

यावर आक्षेप ठरलेला आहे : ही तर पुरुषांनी पढवलेली बाई, वही खरी, भाषण खोटे. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. बहुपत्नीत्वाने अनेक स्त्रियांना दुःख दिले, आणि ते दुःख आजीच्या थोरवीखाली लपवणारी आठवण अप्रामाणिकच म्हणावी लागेल. पण घटनाक्रमही पाहायला हवा. यूटातल्या स्त्रियांना मताचा अधिकार फेब्रुवारी १८७० मध्ये मिळाला, देशभरच्या स्त्रियांना तो मिळाला त्याच्या पन्नास वर्षे आधी. बाहेरच्यांची अपेक्षा होती की या बिचाऱ्या मतपेटीतून बहुपत्नीत्व संपवतील. तसे घडले नाही, तेव्हा १८८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यातच त्यांचे मत काढून घेतले. ज्यांना सोडवायचे म्हणून कायदा केला, त्यांचाच आवाज त्या कायद्याने बंद केला. एमेलिन पुन्हा लढल्या आणि १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा मताधिकार परत आला. पढवलेली बाई इतक्या वर्षांचा लढा स्वतःच्या लेखणीवर पेलत नाही. मला वाटते, वहीही खरी आणि भाषणही खरे. नवऱ्याने केलेले दुर्लक्ष त्यांना जाळत होते आणि आपल्या समाजावर बाहेरच्यांनी चालवलेला वरवंटाही जाळत होता. एकाच माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात असू शकतात. पतीच्या उतारवयात दोघांमध्ये जवळीक आली, तीही याच वह्यांत उमटली आहे.

दुसरा आक्षेप असा की ही बाई असामान्य. साध्या घरातल्या मॉर्मन आजीला तिच्या मापाने कसे मोजायचे? गव्हाची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. १८७६ मध्ये पंथाचे प्रमुख ब्रिगम यंग यांनी दुष्काळासाठी धान्य साठवण्याचे काम एमेलिनवर सोपवले. पण गहू साठवला तो गावोगावच्या रिलीफ सोसायट्यांनी. १८४२ मध्ये नॉवूत सुरू झालेली ही स्त्रियांची संघटना. बायका कापणीनंतर शेतात सरवा वेचायच्या, पैसे जमवायच्या, कोठारे बांधायच्या. १९१८ मध्ये, महायुद्धाच्या दिवसांत, त्यांनी दोन लाखांहून अधिक बुशेल गहू अमेरिकी सरकारला विकला. एक बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. म्हणजे हे ५४,००० क्विंटलच्या घरात जाते. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष विल्सन सॉल्ट लेक सिटीत आले तेव्हा आभार मानायला नव्वदी ओलांडलेल्या एमेलिनच्या भेटीला गेले. ज्यांनी सरवा वेचला त्यांच्या दारात कोणी राष्ट्राध्यक्ष गेला नाही. पण हिशेब ठेवणे, कोठाराची राखण, सभेचे इतिवृत्त लिहिणे ही त्यांची श्रद्धा होती, आणि ‘सोशिक’ या शब्दात त्यातले काहीच मावत नाही. एखाद्या घरात आजीची वही नसेल, तरी तिच्या हातचे असे कागद शोधता येतात.

कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाची खासगी वही उघडणे हीच आगळीक. जिथे रोजनिशी वंशजांसाठी म्हणूनच लिहिली जाते त्या समाजात हा संकोच तितका खरा नाही. एमेलिननी त्या वह्या सात दशकांहून अधिक काळ सांभाळल्या, जाळल्या नाहीत. आणि आता खुद्द चर्चच्या इतिहास विभागानेच त्या कोणालाही वाचता येतील अशा प्रसिद्ध केल्या आहेत. मला ही त्या संस्थेची धाडसी कृती वाटते.

१९१० मध्ये, ८२ व्या वर्षी, त्या रिलीफ सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या लगतच्या आधीच्या अध्यक्षांनी मरेपर्यंत पद सांभाळले होते. त्यांना मात्र एप्रिल १९२१ मध्ये निवृत्त करण्यात आले. तीन आठवड्यांनी, २५ एप्रिलला, त्या गेल्या. १९२८ मध्ये, जन्मशताब्दीला, यूटातल्या स्त्रियांनी त्यांचा अर्धपुतळा राज्याच्या विधानभवनात बसवला. पुतळ्यावरची ओळ त्यांच्या उमद्या मनाचा आणि सेवेचा गौरव करते. त्या ओळीत १८७४ साली रात्री जागून पतीची वाट पाहणारी बाई नाही. ती बाई वहीत आहे, आणि तिथे तिच्या पणतवंडांच्या मुलांना ती आजही भेटते.