प्राणी व मानव यांचे सामाजिक वर्तन : वेडा राघू ते शेतातील जागल

प्रस्तावना :

मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, हे ॲरिस्टॉटलचे विधान सर्वपरिचित आहे. परंतु समूह करून राहणे, परस्परांना धोक्याची सूचना देणे, इतरांच्या हालचालींचा अंदाज घेऊन आपले वर्तन बदलणे या गोष्टी केवळ मनुष्यापुरत्या मर्यादित नाहीत. मुंग्या, मधमाश्या, पक्षी, हरिणे व वानरे यांच्यातही सामाजिक वर्तनाची निरनिराळी रूपे आढळतात. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्राण्यांचे वर्तन प्राणिशास्त्राकडे, तर मानवाचे वर्तन समाजशास्त्र, मानसशास्त्र व अर्थशास्त्र यांच्याकडे सोपविलेले असते. मारेगावसारख्या जंगलालगतच्या तालुक्यात मात्र या शाखांची गाठ शेताच्या बांधावरच पडते. कापूस, तूर व सोयाबीनच्या पिकात रात्री रोही आणि रानडुकरे शिरतात आणि शेतकरी जागलीला जातो. ही घटना एकाच वेळी प्राण्यांच्या व मानवाच्या सामाजिक वर्तनाची आहे. महाराष्ट्रात झालेल्या दोन संशोधनांच्या आधारे हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

सामाजिक वर्तनाच्या अभ्यासाची चौकट :

निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये वर्तनाच्या अभ्यासासाठी चार प्रश्न मांडले. वर्तन तात्काळ कशामुळे घडते, प्राण्याच्या आयुष्यात ते कसे विकसित होते, जगण्यासाठी त्याचा उपयोग काय आणि उत्क्रांतीच्या ओघात ते कसे आले, हे ते चार प्रश्न होत. टिनबर्गन, कोनराड लॉरेंझ व कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि या शाखेला प्रतिष्ठा प्राप्त झाली.

स्वतःचे नुकसान सोसून दुसऱ्यास मदत करणारा प्राणी निसर्गाच्या स्पर्धेत टिकतो कसा, हा या शाखेतील मूलभूत प्रश्न आहे. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये त्याचे उत्तर रक्ताच्या नात्यात शोधले. मदतीचा लाभ, नात्याच्या जवळिकीने गुणला असता, मदतीच्या किमतीपेक्षा अधिक ठरत असेल तर असे वर्तन टिकून राहते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये नात्याबाहेरील सहकार्याचे स्पष्टीकरण परतफेडीच्या तत्त्वावर दिले. ग्रामीण भागात 'सावड' या नावाने ओळखली जाणारी प्रथा हे या तत्त्वाचे परिचित उदाहरण मानता येईल. आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या शेतात येईन, असा हा व्यवहार असतो आणि न येणाऱ्याची आठवण गाव ठेवते.

वेड्या राघूचे शहाणपण :

तारेवर बसून उडते किडे टिपणारा छोटा हिरवा पक्षी मराठीत वेडा राघू म्हणून ओळखला जातो. तो मातीच्या उभ्या कडेत बीळ करून घरटे बनवितो. शत्रू जवळ असताना घरट्यात शिरल्यास त्याची जागा उघड होते, म्हणून तो शिरण्याचे टाळतो. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात अध्यापन करणारे मिलिंद वाटवे व त्यांचे सहकारी यांनी या सवयीचा उपयोग करून काही प्रयोग केले. ते २००२ मध्ये 'ॲनिमल कॉग्निशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पहिल्या प्रयोगात संभाव्य शत्रूसाठी दोन जागा निवडण्यात आल्या. घरट्यापासून दोन्हींचे अंतर साधारण सारखेच होते. परंतु एका जागेवरून घरटे दिसत होते, दुसरीवरून दिसत नव्हते. घरटे दिसत नसे तेव्हा पक्षी अधिक वेळा आत शिरले. दुसऱ्या प्रयोगात नजरेची दिशा बदलण्यात आली. नजर घरट्यापासून जितकी दूर वळलेली, तितकी पक्षी आत शिरण्याची शक्यता अधिक आढळली. नजर आणि स्वतः पक्षी यांच्यातील कोनाचा मात्र तसा संबंध दिसला नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पक्षी केवळ आपल्याकडे रोखलेल्या डोळ्यांना घाबरत असता, तर हा संबंध उलटा दिसला असता. समोरच्याला काय दिसते आहे, याचा काही अंदाज तो बांधतो, असा याचा अर्थ होतो. दुसऱ्याच्या दृष्टिकोनाची जाण ही मानवाच्या सामाजिक जीवनाची पायाभूत क्षमता मानली जाते. तिचे एक रूप 'वेडा' ठरविलेल्या पक्ष्यात दिसावे, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. या प्रयोगासाठी महागड्या उपकरणांची गरज नव्हती. नेमका प्रश्न, शिस्तबद्ध निरीक्षण व चिकाटी यांची होती.

कळप, पीक आणि पंचनामा :

रोही व रानडुकरे यांच्या पीक खाण्याकडेही याच दृष्टीने पाहता येते. रानडुकरांत माद्या व पिले यांचे गट असतात आणि प्रौढ नर बहुधा एकटे फिरतात. गटाने चरण्याचा एक लाभ म्हणजे सावधगिरीचे ओझे वाटले जाते. अनेक डोळे पहारा देत असल्याने प्रत्येकाला खाण्यास अधिक वेळ मिळतो. जंगलातील विखुरलेल्या चाऱ्याच्या तुलनेत शेतातील पीक दाट व पौष्टिक असते. मात्र तेथे माणसाचा धोका असतो. लाभ व धोका यांच्या तुलनेवर प्राण्याचे शेतात येणे अवलंबून राहते.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवर अभिजित बायानी, वाटवे व सहकाऱ्यांनी पीक नुकसानीचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकसान मोजण्याच्या चार वेगवेगळ्या पद्धतींनी एकच चित्र समोर आले. जंगलाला लागून असलेल्या शेतांत नुकसान ५० टक्क्यांहून अधिक होते आणि अंतर वाढेल तसे ते कमी होत गेले. शासकीय भरपाईसाठी नजरेने केलेला नुकसानीचा अंदाज प्रत्यक्ष नुकसानीशी जुळत नव्हता व फारच कमी होता. कोवळे शेंडे खाल्लेले झाड उभे राहते, पण त्याला फळधारणा होत नाही. पंचनाम्यात असे झाड शाबूतच दिसते.

जागल : सहकार्याची कसोटी :

एका शेतकऱ्याने जागल केली तर हाकललेला कळप शेजारच्या शेतात जातो. सर्वांनी पाळीने जागल केली तर प्रत्येकाला अधिक झोप मिळते. पण इतर जागत असताना आपण झोपण्याचा मोहही होतो. पक्ष्यांच्या व हरिणांच्या समूहातही पहाऱ्याबाबत हाच पेच असतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखविले की, स्थानिक लोक स्वतः नियम करतात, परस्परांवर लक्ष ठेवतात व चुकणाऱ्यास क्रमाक्रमाने दंड करतात, तेथे सामाईक साधने टिकतात. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यवतमाळ जिल्ह्यात या पेचाला आणखी एक बाजू आहे. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील टी-१ वाघिणीशी १३ जणांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. ज्या रानात वाघाची धास्ती आहे तेथे जागलीची किंमत केवळ झोपेत मोजता येत नाही. अशा वेळी पीक सोडून देणे हा शेतकऱ्याचा आळस नसून तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो.

वाटवे व सहकाऱ्यांनी २०१६ मध्येच भरपाईची एक पर्यायी रचना सुचविली. तीत नुकसानीच्या अंदाजाऐवजी प्रत्यक्ष हाती आलेले उत्पन्न आधारभूत धरले आहे. घटीसाठी आधार व चांगल्या उत्पन्नासाठी बक्षीस, असे तिचे स्वरूप असून तिची अंमलबजावणी गावसमूहाने करावयाची आहे. खोटे सांगणे लाभदायक ठरू नये आणि पीक राखण्याची इच्छा टिकावी, हे तिच्यामागील वर्तनशास्त्रीय सूत्र होय.

निष्कर्ष :

१. समूहजीवन, सहकार्य व दुसऱ्याच्या दृष्टीची जाण यांची मुळे मानवाच्या आधीच्या प्राणिसृष्टीत आढळतात.

२. साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. मानव नियम ठरवितो, त्यांची चर्चा करतो व ते बदलतो. प्राण्यांच्या वर्तनावरून मानवी अन्यायाचे समर्थन करता येत नाही.

३. मापनाची पद्धत चुकीची असल्यास शेतकऱ्याचे खरे बोलणेही अतिशयोक्ती ठरते. म्हणून वर्तनाचे संशोधन हा न्यायाचाही प्रश्न आहे.

४. प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन जवळच्या गावांत पीक, कळप व जागल यांच्या वर्षभर नोंदी ठेवल्यास ग्रामीण महाविद्यालयातूनही मोलाचे संशोधन होऊ शकते. त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा मारेगावच्या शिवारात उपलब्ध आहे.